धाकट्याचं जावळ

मुलांनो, तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या आईला, लबाडी एकदाच करता आली, आणि तीही फुकट गेली.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आमचं घर होतं. भिंतीपलीकडे एक निपुत्रिक विधवा आजी राहत. खाडीकाठचं मोठं मिठागर त्यांचं. त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हापासून त्यांच्याकडे दोन बाजूंनी गोडाधोडाच्या वाट्या जाऊ लागल्या: एक आमच्याकडची, दुसरी त्यांच्या पलीकडच्या काकांकडची. दत्तक देण्याजोगा धाकटा मुलगा दोन्ही घरांत होता.

जावळ काढण्याचा संस्कार, म्हणजे चौल, जन्मघरी झाला, की मुलगा त्याच गोत्राचा होऊन बसे. मग परगोत्रात दत्तक जाता येत नसे. वडिलांनी म्हणून माझ्या धाकट्या भावाचं जावळ मुद्दाम राखलं होतं.

आई एकदाच म्हणाली, "अहो, नको ना."

"थोरला आहे ना तुला? आणि हा काय विलायतेला चाललाय? भिंतीपलीकडे तर असेल!"

आजींनी शेवटी आमच्याच घरचा मुलगा पसंत केला. दत्तकविधानाच्या आदल्या दुपारी भाऊ झोपून उठला तो बोडक्या डोक्यानं. वडील ओट्यावर जाऊन काकांच्या नावानं गरजले, "पोराच्या डोक्याला हात लावताना लाज नाही वाटली?"

"मिठासाठी पोर विकायला काढलंत, ती लाज कुठे ठेवलीत?"

"आणि तुम्ही तुमचं कशाला नटवून बसवलंत?"

मी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. एक ओरखडा नव्हता. टाळूवर खोबरेल जिरवलेलं होतं. वैरी जावळ कापील. तेल कशाला लावील? मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, आणि मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी शास्त्रीबुवा आले. डोकं पाहून हसले. "मंत्र नाही, होम नाही. हे चौल नव्हे, नुसती हजामत. खुशाल द्या."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला आजींच्या मांडीवर ठेवलं. काकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. भाऊ शिकवल्याप्रमाणे आईला काकू म्हणू लागला. पुढे शिकवावं लागलं नाही.

आई गेली तेव्हा थोरल्यानं डोकं भादरलं. शास्त्राप्रमाणे धाकटा तिचा मुलगा नव्हता. तो केस नीट विंचरून आला होता.