हिरव्यागार झाडांचा साका

लातूरचा नवा जिल्हा झाला त्या सुमाराला मी नांदेडहून चाकूरकडच्या एका गावात सून म्हणून आले, आणि माझ्या पाठोपाठ दुष्काळ आला. पाणवठ्यावर माझ्या पायगुणाची चर्चा रंगे. मीही घागर टेकवून ती मजेत ऐकत असे.

सासऱ्यांचा जीव विहिरीजवळच्या हापूसच्या कलमांत होता. हौसेने कोकणातून आणलेली. आदल्या वर्षी पहिला बहर आला, तेव्हा काही फळांत कोयीभोवती पांढरट, आंबूस गर निघाला होता. सासऱ्यांचे थोरले भाऊ, सगळ्या घराचे दादा, त्यांनी ते मनात धरलं.

"औंदा फळ नासकं निघालं, की झाडं तोडायची. पाणी बैलायला," ते म्हणाले.

"दादा, जिल्हा झालाय आता. औंदा आपला आंबा कलेक्टरच्या ताटात जातो का न्हाई बघा," सासरे म्हणाले.

"जिल्हा झाला, हाव. पाणी कुठं हाय?"

झाडं अशक्त आहेत, असं सासऱ्यांनी ठरवलं आणि पैलवानाला खुराक द्यावा तसा युरिया घातला. पाणी मात्र कधी घागरभर, तर कधी विहिरीला पाझर आला की पोटभर. झाडं अशी माजली की विचारू नका! गाव सगळं राखेच्या रंगाचं, बाभळीचा पालासुद्धा शेळ्यांनी संपवलेला, आणि मधेच ही काळपट हिरवी झाडं. मला त्यांची भीती वाटे. दुपारी त्यांच्या सावलीत कुत्रंसुद्धा बसत नसे. खोटं कशाला बोला, बसत होतं. पण सांगताना मी 'बसत नसे' असंच सांगते.

फळं मोठी, डागाशिवाय. पहिली तोड खोलीत पेंढ्यात आढी घालून ठेवली. चारच दिवसांत घरभर घमघमाट सुटला, आणि त्या घमघमाटाखाली दुसराच एक वास. शिळ्या ताकासारखा.

"आत्याबाई, एक चिरून बघू का?" मी सासूबाईंच्या कानात म्हटलं.

"आखाजीच्या आधी? पितरायनं खाल्ल्याबिगर? जीभ झडंल की गं!"

वास त्यांनाही येत होता. दर संध्याकाळी त्या खोलीच्या दारात उभ्या राहत, नाकाला पदर लावून. पण अक्षय तृतीयेला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाही, हे घरात कोणी मोडलं नव्हतं.

आखाजीच्या सकाळी पहिला आंबा मी चिरला. साल केशरी, आणि आत भिजल्या कापसासारखा पांढरा, भोकं पडलेला गर. दुसरा चिरला. तिसरा चिरला. सासूबाईंनी पदर पुन्हा नाकाला लावला.

बाहेरून दादांचा आवाज आला, "सूनबाई, रस झाला का? पितर ताटकळले!"

मी चौथा आंबा चिरला.

याला कोकणात साका म्हणतात, हे मला पुढे एका बागायतदाराकडून कळलं. आपल्या काळ्या रानात चुना भरपूर. पण तो पाण्याबरोबरच झाडात चढतो. पाणी तुटलं की त्याचं चढणं थांबतं, आणि जो थोडा चढतो तो युरियाने फुटलेली पालवी ओढून घेते. फळ नुसतं फुगतं. गर घट्ट बांधला जात नाही, आणि उन्हाच्या तावात आतून नासतो. झाडं वाचवायला सासऱ्यांनी जे जे केलं, तेच त्यांच्या मुळावर आलं होतं. पण त्या सकाळी हे सांगणारं कोणी नव्हतं.

दादा आत आले. फोडी पाहिल्या. त्यांनी खुंटीवरची कुऱ्हाड काढली.

सासऱ्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली. "तुमी नका, दादा. लावली म्या, पाडतो बी मीच."

पहिल्या घावासरशी वर राहिलेली फळं धपाधप खाली आली. प्रत्येक आवाजाला सासरे थांबत, वर बघत, आणि पुन्हा कुऱ्हाड उचलत. आंबे पडतायत म्हणून गावातल्या बायका टोपल्या घेऊन धावत आल्या होत्या. सासऱ्यांकडे बघून त्या बांधावरच थांबल्या. इतकी देखणी फळं पायापाशी घरंगळत आली, पण एकीनेही वाकून एक फळ उचललं नाही.