बाळंतपणासाठी रंगवलेली खोली

पहिलं बाळंतपण माहेरी आणि लेक यायच्या आधी तिच्या खोलीला रंग, हा आमच्या आईचा कायदा. सातव्या महिन्यात मी कोपरखैरण्याला गेले, तेव्हा माझी जुनी खोली लख्ख चकाकत होती. भिंती पुसता याव्यात म्हणून आईने मुद्दाम ऑइलपेंट दिला होता. रंगारी आदल्याच दिवशी गेला होता. खिडकीच्या कट्ट्यावर डास मरून पडले होते. "बघ, एक डास टिकत नाही," आई खुशीत म्हणाली. मला ते मुळीच आवडलं नाही, पण माहेरी आल्याआल्या कोण तोंड उघडतं?

संध्याकाळी उग्र वास जाणवायला लागला. आमच्या भागात वास आला की कुणी विचार करत बसत नाही, सरळ खिडक्या लावतात. "केमिकल कंपन्यांनी वायू सोडला परत," म्हणत आईने खटाखट काचा सरकवल्या. वास वाढला. मग तिने फटींत कपडे कोंबले. वास आणखी वाढला. माझं डोकं ठणकत होतं, डोळे चुरचुरत होते. चकचकीत भिंतीत माझी पोटुशी आकृती हलत होती आणि पोटात मात्र काहीच हलत नव्हतं. रोज या वेळेला धुडगूस घालणारं बाळ गप्प होतं. मी कूस बदलली, पाणी प्यायले, त्याला हाका मारल्या.

तेवढ्यात बाबा भाजी घेऊन आले.

"दार लावा आधी! बाहेर केवढा वास सुटलाय," आई ओरडली.

"बाहेर कुठे? खाली तर मस्त वारा आहे."

आईने हळूच भिंतीला नाक लावलं आणि चटका बसल्यासारखी मागे सरली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा मी हमसून हमसून रडले. मग बाई आईवर घसरल्या. "ताज्या ऑइलपेंटची वाफ, तीही बंद खोलीत? रंग द्यायचाच होता तर पाण्यातला, कमी वासाचा द्यायचा. नाहीतर साधा चुना. तोही ही यायच्या खूप आधी, खिडक्या सताड उघड्या ठेवून."

त्यानंतर मी स्वयंपाकघरात झोपायला लागले. तिथल्या भिंतींना जुना चुनाच होता. आई तासन् तास माझ्या पोटावर हात ठेवून बसायची. बाळाने लाथ मारली की हलक्या आवाजात म्हणायची, "मार बाळा, मार. आजीला कळलंच नाही रे."