मागच्या कोपऱ्यातली माती

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेत मातीबाई पुन्हा येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचं डोकं आधीच तापलेलं होतं. माती तपासणं हा त्यांचा पेशा, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. घरी सासूबाईंची वेगळीच तक्रार असे, की ही सून चहासुद्धा आधी हुंगते आणि मग पिते. त्या टोमण्यावर बाई हसत. या जागेचं नाव काढलं की मात्र त्यांचं हसू मावळायचं.

मागच्या खेपेला इथे सगळा विचका झाला होता. पंपाची जमिनीखालची टाकी रस्त्याच्या बाजूला होती. ती कधीकाळी गळलेली असणार, कारण शेजारच्या लांबट घरात पुढच्या खोलीत पेट्रोलचा वास यायचा. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी दिवसभर मशीनवर बसत आणि संध्याकाळी डोकं धरून उठत. बाईंनी जागोजागी ड्रिलने भोकं पाडून माती काढली. तुलनेसाठी एक भोक पार मागच्या कोपऱ्यात घेतलं, जिथली माती स्वच्छ असायला हवी होती. त्या मातीलाही वास होता.

खोदून विचारल्यावर ड्रिलवाले काका छाती फुगवून म्हणाले, "रॉड चकाचक करून आणले होते मॅडम. डिझेलने धुतो मी. गंज धरत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारला. सगळे नमुने वाया गेले. जागेच्या मालकाला तर आयतंच कोलीत मिळालं. तुमच्याच रॉडचा वास आमच्या माथी का मारता, असं तो म्हणू लागला आणि पुन्हा परवानगी द्यायला त्याने अख्खा पावसाळा लावला.

तेवढ्या काळात मावशींनी काय करायचं? बाईंनीच तोडगा काढला होता. "मशीन मागच्या खोलीत न्या मावशी. टाकी पुढे आहे. मागच्या कोपऱ्यातला तो वास आमच्या डिझेलचा होता." मावशींनी मशीन हलवलं. मध्ये एकदा त्या बिचकत म्हणाल्याही, "इथेही येतो हो थोडा." त्यावर बाईंनी त्यांना समजावलं, की इतकी वर्षं वासात बसलात, तो आता नाकातच मुरलाय.

आज काकांनी रॉड गरम पाण्याने आणि साबणाने घासून आणले होते. रुसून गाल फुगलेलेच होते, पण रॉड घासले होते. सुरुवात मागच्या कोपऱ्यातून झाली. बाईंनी माती बरणीत भरली आणि बरणीच्या तोंडाशी वास मोजायचं यंत्र धरलं. आकडा सरसर चढला.

"काका, पुन्हा तेच?" बाई कडाडल्या. "किती वेळा सांगायचं?"

"शपथ घेतो मॅडम. थेंब लावला नाही."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

काका ड्रिलच्या मशीनकडे गेले आणि रॉड अजून खाली सोडला. जरा वेळाने खालून ठणकन आवाज आला. त्यांनी झटकन मशीन बंद केलं. "दगड नाही हा," ते हळूच म्हणाले. "पत्रा आहे. इथे पण टाकी आहे मॅडम."

ही दुसरी टाकी कुठल्याच नकाशात नव्हती आणि मालकानेही कधी तिचा उल्लेख केला नव्हता. बाईंचा संताप आधी मालकावर गेला, मग काकांच्या डिझेलवर, आणि शेवटी फिरून स्वतःवर आला. पहिल्याच दिवशी या मातीने खरं सांगितलं होतं. त्यांनी ते डिझेलच्या नावावर खपवलं, आणि वर मावशींच्या नाकाला दोष दिला.

बाई शेजारच्या घरात गेल्या. मागची खोली कुंपणाच्या भिंतीला चिकटून होती. मशीन थेट त्या भिंतीशी लावलेलं होतं. मावशींनी सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं.

"मावशी, माझं चुकलं. टाकी इथेही आहे, या भिंतीपलीकडेच. तुम्हाला वास येत होता तो खरा होता."

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोरा तोडला, मशीनवर झाकण ठेवलं आणि दोन्ही खोल्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग आता बसू कुठे?" त्यांनी विचारलं.