आईची पांढरी साडी आणि भाडेकरूंची तार

काळी-पिवळी फाट्यावर थांबली तेव्हा आमच्या पेटीचं दुसरं कडं तूच धरलं होतंस, सुनंदा. अर्धी वस्ती पोचवायला आली होती. बाबा एकेकाला हात जोडून जय भीम करत होते आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. बोंडअळीचं ते दुसरं वर्ष. बाबा जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते, आई वेचणीला जायची. कापूसच नाही तर काटा कशाला आणि वेचणी कशाची? यवतमाळला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत बाबांना वॉचमनची नोकरी लागली, तेवढ्या आधारावर आम्ही तिघं निघालो.

गाडीनं दारव्हा सोडलं आणि बाबांनी आम्हाला हळूच सांगितलं, "तिथं आडनाव गावाचं सांगायचं. आन् कोणाले जय भीम करायचं नाही. खोली भेटत नाही मंग." आई बाहेर पाहत राहिली. मी तेव्हा अकरावी पास होऊन बारावीला जात होते. मला ते हुशारीचं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खोली मिळाली. घरमालकीण काकू एकट्याच होत्या, त्यांचे यजमान कचेरीतून रिटायर होऊन वारले होते. त्यांनी आडनाव विचारलं, बाबांनी गावाच्या नावाला 'कर' जोडून सांगितलं, काकू बरं म्हणाल्या. मग नियम सुरू झाले. पाणी सकाळी एक तास, तेही चाललं असतं. पण कपडे! मायबाई, कपड्यांनी जीव नकोसा केला. गच्ची काकूंची, तिथं त्यांच्या कुरडया आणि पापड. अंगणात दोन तारा. उन्हातली काकूंची, भिंतीच्या सावलीतली भाडेकरूंची. भाडेकरू तीन घरं, आणि आमची पाळी दुपारी तीननंतर, म्हणजे होतं नव्हतं ते ऊन गेल्यावर. बाबांचा युनिफॉर्म एकच जोड. तो रोज धुवायचा आणि रोज दमटच अंगावर चढवायचा. मी इस्त्री फिरवून फिरवून वाळवायचे, तरी कॉलर ओली ती ओलीच. शेवटी खिडकीच्या गजापासून खिळ्यापर्यंत खोलीतच दोरी बांधली. अख्खा पावसाळा आम्ही ओल्या कपड्यांखालून वाकून चाललो. जेवताना वरणात थेंब पडायचा. मी चिडले की आई म्हणायची, "दोरी तरी आहे नं बाई."

गावात आपण कपडे वाळवायचा कधी विचार तरी केला होता का गं? कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुंपणावर टाकले की झालं. वारा कितीही असो, पऱ्हाटी कपडा धरून ठेवायची. काढताना धागा निघाला की आईची बोलणी खायची, एवढाच त्रास. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तर आपल्या गल्लीतली सगळी कुंपणं पांढरी व्हायची. साऱ्या बायांनी विहारात नेसलेल्या साड्या एकदम धुऊन पडायच्या.

त्यातली आईची तुला आठवत असेल, बारीक निळ्या काठाची. वेचणीच्या पैशातून तिनं दारव्ह्याच्या बाजारात स्वतः निवडून घेतली होती. चार दुकानं फिरून. यवतमाळातही आई पौर्णिमेला विहारात जायची, पण ती साडी पिशवीत घालून न्यायची, तिथं नेसायची आणि बदलून परत यायची. बुद्धाचा फोटो पेटीत, साडी पेटीत. पण साडी धुवावी तर लागतेच. अंगणातल्या तारेवर पांढरी साडी दिसली की काकू ओळखतील, खोली जाईल, माझं बारावीचं वर्ष वाया जाईल, हे बाबांचं गणित. म्हणून ती आतल्या दोरीवर, आणि दारातून कोणी डोकावलं तर दिसू नये म्हणून वरून चादर. दोन-दोन दिवस ती वाळायची नाही. घरभर कुबट वास.

माघ पौर्णिमेला आईनं घडी उघडली तर पदरभर काळे ठिपके. लिंबू लावलं, उकळत्या पाण्यात टाकली, नीळ दिली. ठिपके हटले नाहीत. आई तरी घासतच राहिली, आणि तिचं ते घासणंच मला सहन झालं नाही. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती, हे मला माहीत होतं. तरी मी ती साडी तिच्या हातातून ओढली, अंगणात गेले आणि सकाळी दहाच्या उन्हात सरळ काकूंच्या तारेवर पसरली. आई मागून "अवं, नको" म्हणत होती.

काकू बाहेर आल्या. साडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "सामान उतरवता उतरवता तुमच्या मालकानं फोन उचलला आन् जय भीम म्हणाले. तुम्ही झाकून होते, म्हणून मी बी काही बोलली नाही. आता शेजारपाजारचे पाहून राह्यले. पंधरा दिवसात खोली खाली करा."

म्हणजे बघ! इतके महिने आम्ही ती साडी चादरीखाली नासवली, आणि जिच्यापासून लपवली तिला पहिल्या तासातच कळलं होतं. संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते मान खाली घालून म्हणाले, "तोंडातून निघून गेलं असन." मी त्यांना नको नको ते बोलले. फोनवर जय भीम म्हटल्याचा मला राग नव्हता गं, राग त्या चादरीचा होता. पण ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, आणि बाबांना आजही वाटतं की मी त्यांना त्या जय भीमवरूनच बोलले. परीक्षा मी बोचकी बांधता बांधता दिली. मार्क कमी पडले, नर्सिंगला एक वर्ष उशिरा लागले.

आता पुसदला नोकरी आहे. खोली पाहायला गेले की आधी माझं खरं आडनाव सांगते, मग विचारते, कपडे कुठं वाळवायचे? चार ठिकाणी आडनाव ऐकल्याबरोबर त्यांचा भाचा राहायला येणार असल्याचं कळलं. पुसदमध्ये भाचे लय झालेत. पाचव्या ठिकाणी बाई म्हणाली, गॅलरीत वाळवा, ऊन येतं. घेतली.

गेल्या पौर्णिमेला आई-बाबा आले. आई तीच साडी, ठिपक्यांसकट, नेसून विहारात गेली आणि नेसूनच परत आली. दुसऱ्या दिवशी धुऊन गॅलरीत रस्त्याकडच्या तारेवर घातली. थोड्या वेळानं पाहते तर साडीच्या पुढं चादर. बाबांनी घातली होती. विचारलं तर म्हणे, हात गेला. माझं डोकं सणकलं, तोंड उघडणारच होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली.

"तुमच्या हातानंच काढा ते," ती बाबांना म्हणाली. "मी आता झाकून नाही वाळवत."

बाबांनी चादर काढली, घडी केली आणि ती छातीशी धरून तिथंच उभे राहिले. खालून माणसं जात होती. कोणी वर पाहिलंही नाही.

तू परवा फोनवर विचारलंस, नवी खोली घरासारखी वाटते का. आपल्या गल्लीसारखी नाही वाटत, सुनंदा. आजही खोलीत ओल्या कपड्याचा वास आला की माझा मूड जातो. पण तू ये, पौर्णिमेलाच ये. पांढरी साडी पिशवीत आणू नको, नेसून ये. इथं दोघींच्या साड्या मावतील एवढी तार आहे.