मोंतान्य ब्लांशचा चढ आणि पुऱ्यांचा डबा

आमच्या रिव्हिएर दू रांपार गावच्या सायकल क्लबाचा नियम एकच. मोंतान्य ब्लांशचा चढ पाय न टेकता चढलात, तर तुम्ही क्लबाचे. पाय टेकला की सायकल मागून येणाऱ्या जेवणाच्या ट्रकमध्ये टाकायची आणि भांड्यांशेजारी बसून घरी यायचं. ऐंशी सालानंतरची गोष्ट ही, तेव्हा क्लबात सगळे पुरुषच. मला त्यात शिरायचंच होतं. जिथे जावं तिथे अमक्याची बायको! कंटाळा आला होता त्याचा.

नवरा म्हणाला, "ये की. पण डबा तुझ्याकडे हं." आणि मी मूर्ख बाई, हो म्हणून बसले! आठवडाभर पोर्ट लुईच्या ऑफिसात बसने ये-जा करून अंग आंबलेलं. त्यात रविवारी अंधारात उठून सगळ्यांच्या पुऱ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, टोमॅटोची चटणी वाटली. सायकलवर बसले तेव्हाच कंबर गेली होती.

चढ लागला तसे सगळे भराभरा पुढे गेले, नवरासुद्धा. दोन्हीकडे नुसता ऊस, वाऱ्याचा पत्ता नाही. मांड्या भरून आल्या. मागून ट्रकवाला ओरडत होता, "कुराज, वहिनी, कुराज!" धीर धर म्हणे! मेल्या, खाली उतर आणि तू चढव ना. शेवटी कंटाळून तोही पुढे निघून गेला. आता पाय टेकला असता तरी बघणारं कोणी नव्हतं. एका वळणावर तर रडूच आलं. पण नाही टेकला.

वर पोचले तर सगळे आंब्याखाली गोल करून बसलेले. मधे डबा, झाकण तसंच लावलेलं. कुणी घासही खाल्ला नव्हता. माझ्यासाठी उपाशी थांबलेत बिचारे, असं वाटून माझे डोळेच भरून आले.

"पाय टेकलास?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"शाब्बास!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झाले बाई एकदाची क्लबाची.

मग नवरा जरा सरकला, डब्याजवळ मला जागा करून दिली आणि म्हणाला, "चल, वाढ आता लवकर. केव्हाचे खोळंबलोय. पोटात कावळे ओरडतायत."

भांडायलाही जोर उरला नव्हता. मी बसले. पाय लटलट कापत होते आणि हात आपले पुऱ्या वाढत होते.