मागचा उतार

मूठभर पेंढा नाकाशी न्यायचा, डोळे मिटून हुंगायचा, आणि आपण कितीही शहाणा प्रश्न विचारलेला असो, उलट विचारायचं, "खाणार कोण? तू की म्हैस?" असा हा माणूस. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मनात मी आणखीही बरंच म्हणायचो, ते छापण्याजोगं नाही. आधीच सांगून ठेवतो, मी हे प्रेमानं लिहायला बसलेलो नाही. सूड राहून गेलाय, तो उगवायला बसलोय.

पेणला रामवाडीत एका दूध संस्थेनं पशुपालनाचा वर्ग काढला होता. सर रोह्याहून एसटीनं यायचे. मी बारावीला आपटलेला. घरी भात, वाल आणि गोठ्यात एक म्हैस. वडील म्हणाले, "जा, ढोरांचं तरी शीक." पहिल्याच दिवशी सरांनी एक म्हैस उभी केली. "हिचं वय कोण सांगेल?" दातांवरून वय कळतं एवढं मी ऐकलं होतं. ऐटीत पुढं झालो, तिचा ओठ वर केला आणि दचकलोच.

"सर, लय म्हातारी हाय! वरचे सगळे दात पडलेत!"

तुमचा गोठ्याशी संबंध नसेल तर सांगतो: गाई-म्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, असतो तो नुसता कडक हिरडीचा पट्टा. म्हशीच्या दुधावर वाढलेला मी, तिच्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो.

वर्ग हसला, ते मी सोसलं असतं. सर हसले नाहीत. ते बाहेर गेले, दूध घालायला आलेल्या सगळ्या गाववाल्यांना आत घेऊन आले आणि म्हणाले, "आता यांना सांग. मोठ्यानं."

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. रोह्याकडचं एक स्थळ जवळजवळ जुळत आलं होतं. मुलीच्या बापानं मध्यस्थाला विचारलं, "म्हशीला कवळी बसवणारा तो ह्योच काय?" स्थळ मोडलं. तेव्हाच मी ठरवलं. आमची म्हैस गाभण होती. पारडी झाली तर ती अशी वाढवायची की रोह्याच्या पशुप्रदर्शनात पहिला नंबर. तिथं परीक्षक सरच असत. बक्षीस त्यांच्याच हातून घ्यायचं, ह्याच लोकांसमोर, आणि त्यांचं तोंड बघायचं.

पंचाईत अशी, की सरांवर सूड घ्यायला सरांचंच ऐकावं लागत होतं.

आमच्याकडे म्हैस व्याली की चिकाचा खरवस करून आळीत वाटतात. सरांचा त्यावर फार राग. "चीक आधी पिल्लाचा. उरला तर तुमचा." पारडी झाली, आणि मी चिकाला कुणाचा हात लागू दिला नाही. शेजारची काकू वाटी घेऊन दारात.

"काय रं, औंदा खरवस नाय?"

"नाय."

"का? म्हशीचे दात दुखतात काय?"

दार लावून घेतलं आणि चरवीभर चीक पारडीच्या घशात ओतला. सकाळी पाजला, दुपारी पाजला, ती तोंड फिरवत होती तरी पाजला. दुसऱ्या दिवशी ती हगवणीनं आडवी झाली.

मी मेलो तरी सरांना बोलावणार नव्हतो. आईनं मला न विचारता दुधाच्या गाडीवाल्याकडं निरोप धाडला. सर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घाणीतच बसले, पारडीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मीठ-साखरेचं कोमट पाणी घोट घोट पाजत राहिले. माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाले, "पाज म्हटलं होतं. बुडव म्हटलं नव्हतं."

उन्हं कलली तेव्हा पारडी लटपटत उभी राहिली. आईनं माझ्यापासून लपवलेल्या चिकाचा खरवस आणला. सरांनी दोन वाट्या खाल्ल्या, माझ्यासमोर, वेलदोड्याचं कौतुक करत. तुम्हीच सांगा, अशा माणसाला माफ कसं करायचं? उलट सुडाचं जनावरच त्यांनी वाचवून ठेवलेलं.

पारडीची म्हैस झाली. रोह्याला पहिला नंबर आला. पण टेबलामागं भलताच परीक्षक. सर अंथरुणाला खिळलेत, असं कुणीतरी म्हणालं. मी तसाच, गुलालानं माखलेली म्हैस घेऊन त्यांच्या गल्लीत शिरलो. सरांच्या बायकोनं दार उघडलं आणि त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडं म्हैस आलीय."

सर खिडकीशी पडून होते. बरेच वाळले होते. गजांमधून हात बाहेर काढून त्यांनी म्हशीची पाठ चाचपली, शेपटापर्यंत. तिनं अंग काढून घेतलं नाही.

"सर, पहिला नंबर."

"परीक्षक कोण होता?"

मी नाव सांगितलं. सरांनी उं केलं, पुन्हा एकदा पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मागं जरा उतार हाय." पाठ मागं उतरती असणं म्हणजे प्रदर्शनात जनावराची खोड.

"कुठं, सर?"

"दिसत नाय? मग अजून शीक."

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर गेले. ती म्हैसही गेली, आता गोठ्यात तिची नात आहे. रोज सकाळी धार काढण्याआधी मी वाकून तिची पाठ बाजूनं बघतो, मग मागून बघतो, हात फिरवून बघतो. उतार नाही. छातीवर हात ठेवून सांगतो, तिच्या आजीलाही नव्हता. पण हे सांगायला रोह्याला जाऊ तर कुणाकडं जाऊ?