कुशीचे खाडे

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या ज्या वृद्धाश्रमात मी अजून राहते, तिथे माझ्याबद्दल एकच सांगतात: म्हातारी भांडखोर आहे. खरं आहे ते.

माझ्या खोलीतली दुसरी बाई बंगाली, निवृत्त शिक्षिका. अर्धांगाने पडून आहे. बोलते, पण कुशीवर वळता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी आयाने तिची कूस बदलायची आणि वहीत सही करायची. सह्या व्हायच्या. कूस तीच राहायची. कमरेला रुपयाएवढी जखम झाली, मग वाटीएवढी. मला आधी वास आला, मग ती दिसली.

मी चौथी शिकले. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये संसार केला. तिथे भिंतीवर मराठी कॅलेंडर असायचं आणि दूध आलं नाही की त्या तारखेला मी फुली मारायची. नणंद अजून दरवर्षी पुण्याहून कॅलेंडर पाठवते. इथे दुधाशी माझा संबंध नाही, म्हणून मी कुशीचे खाडे मांडायला लागले. आयाने कूस बदलली की उभी रेघ, वेळ टळली की फुली. महिन्याभरात फुल्यांनी चौकटी भरल्या. मग हिंदीत पाच ओळी लिहून सरकारी कार्यालयाला टपालाने पाठवल्या.

मॅनेजरने मुलाला फोन केला. मुलाने मला केला.

"आई, तुला काही त्रास आहे का तिथे?"

"मला नाही."

"मग तू कशाला मध्ये पडतेस? तक्रार मागे घ्या नाहीतर आईंना घेऊन जा, म्हणतात. मी कुठे नेऊ तुला?"

"नेऊ नकोस. मी इथून हलत नाही. काढायचं असेल तर त्यांनी खाटेसकट उचलून काढावं."

पंधरा दिवसांनी चौकशीला एक अधिकारी आला. मॅनेजरने वही पुढे केली. एकही रकाना रिकामा नव्हता.

"माशीमांचं वय झालंय," मॅनेजर हिंदीत म्हणाला. इथे आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना माशीमा, म्हणजे मावशी म्हणतात. "विसरतात त्या."

मी कॅलेंडर काढून अधिकाऱ्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने रेघा, फुल्या बघितल्या.

"रात्रीचं काही नाही यात?"

"रात्री मी झोपते. बघितलं नाही ते लिहीत नाही."

एका गुरुवारी फुली नव्हती, रेघही नव्हती. त्याने विचारलं, हे काय?

"त्या दिवशी हिला एक्स-रेला नेलं होतं. सकाळी गेली, दिवे लागल्यावर आली. खाट रिकामी होती."

त्याने वहीत तो गुरुवार काढला. दिवसभराच्या सगळ्या सह्या होत्या. रिकाम्या खाटेची कूस दर दोन तासांनी बदलली होती. मॅनेजर म्हणाला, आयाची चूक असेल.

"आयाला पुढे करू नकोस," मी म्हटलं. "एक बाई आणि अठरा खाटा. सकाळीच सगळ्या सह्या करून टाक, असं तिला कोण सांगतं, ते यांना सांग."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

"माशीमा, हे कॅलेंडर मला न्यावं लागेल."

"मिळणार नाही. महिना संपायचाय. फोटो काढा हवे तेवढे."

तो एकेक पान फोनवर घेत बसला. तेवढ्यात चार वाजले. आया दुसऱ्या मजल्यावर होती. मी उठले, बाईच्या खांद्याखाली हात घातला आणि मॅनेजरला म्हटलं, "बघतोस काय? कमरेला धर. जखमेला हात लागू देऊ नकोस."

अधिकारी समोर होता, त्यामुळे मॅनेजरने धरलं. आम्ही तिला वळवलं. ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "दीदी, लिहून ठेवा. मॅनेजरबाबू पहिल्यांदाच आलेत."

मी कॅलेंडर परत घेतलं आणि रेघ मारली. सहाची बाकी होती.